दुसरी तार कुठून जाते?

बुलढाणा जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुणीतरी विचारणारच, की बाबा रे, तू खामगावात बसून खाणीतल्या टेलिफोनवरून कशाला भांडतोयस?

उत्तर सोपं आहे. शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर, यांपैकी कुठल्याही स्टेशनवर थोडा वेळ उभे राहा. कोळशाने भरलेल्या वाघिणी जाताना दिसतील. काही शेगावच्या अलीकडे पारसला रिकाम्या होतात, काही मलकापूर ओलांडून भुसावळजवळच्या दीपनगरला जातात. आपल्या घरातला पंखा ज्या विजेवर फिरतो तिच्यात हा कोळसा आहे. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कुणी ना कुणी मामा, मावसा, चुलत सासरा बल्लारपूर, वणी, सावनेर या बाजूच्या कोलियारीत नोकरी करून आलेला आहे. लग्नात भेटतात, पेन्शनचं बोलतात, खाणीबद्दल फारसं बोलत नाहीत. तेव्हा विषय आपलाच आहे.

आता भांडण काय ते सांगतो. जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाचा वरच्या जगाशी जो संपर्क असतो तो तुटला तर काय, या प्रश्नाला आपल्याकडे कागदावर उत्तर आहे. 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध.' रजिस्टरमध्ये तसा रकाना असतो आणि त्यात बरोबरची खूण असते. माझं म्हणणं असं, की यातली बरीचशी पर्यायी व्यवस्था पर्यायी नसतेच. ती पहिल्या व्यवस्थेची सावली असते. माणूस पडला की सावलीही पडते.

उदाहरण आपल्या रोजच्या जगण्यातलंच घ्या. खेड्यात लाइट जाते. महावितरणला फोन करावा म्हणून मोबाइल हातात घ्यावा, तर रेंज गेलेली. का? तर टॉवरही त्याच लाइटवर. बॅटरी बसलेली, डिझेल कुणी टाकलेलं नाही. म्हणजे लाइट गेल्याचं सांगण्यासाठी जे साधन आहे ते लाइट गेली की बंद पडतं! आपण हसतो आणि सोडून देतो, कारण आपण अंगणात उभे असतो आणि वर आभाळ असतं. हेच तीनशे फूट खाली झालं तर?

खाणीत संपर्काची पहिली ओळ म्हणजे अजूनही तारेचा टेलिफोन. शाफ्टच्या तोंडाशी एक, खाली डोली थांबते तिथे एक, हॉलेजच्या जागी एक, आणि कामाच्या फेसपासून काही अंतरावर एक. शाफ्टमध्ये ठरलेल्या ठोक्यांची घंटा. जिथे पैसा खर्च झाला आहे तिथे 'लीकी फीडर' नावाची केबल. हे नाव ऐकून घाबरू नका. आपल्याकडे संत्र्याच्या, केळीच्या बागेत ठिबकची नळी असते ना, तसंच हे. नळीला जागोजागी भोकं असतात आणि पाणी झिरपतं, तसा या केबलमधून रेडिओचा सिग्नल लांबीभर झिरपत राहतो. केबलच्या जवळपास वॉकी-टॉकी घेऊन कुठेही उभे राहा, बोलणं होतं. सुंदर युक्ती आहे. पण ठिबकची मुख्य नळी बांधावर कुणी कुदळीने तोडली तर पुढची सगळी ओळ कोरडी, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लीकी फीडरचंही तसंच. छत जिथे कोसळलं तिथे केबल तुटली की त्याच्या पलीकडचे सगळे मुके. तुटण्याची भीती असेल तर दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून केबलचं दुसरं टोकही वर जोडायचं, म्हणजे दोन्हीकडून 'पाणी' येतं. ही युक्ती जुनी आहे. पण वळशाची केबल टाकायला पैसे लागतात, आणि वळशाची केबल पाहणीच्या दिवशी कुणाला दिसत नाही.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ (नाव लिहिलं तर रागावतील, खाणीचं नावही मी लिहीत नाही) ओव्हरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सेक्शनला दोन फोन होते. दोन्ही चालू, दोन्ही तपासलेले. दोन्हींच्या तारा एकाच गॅलरीतून, एकाच खिळ्यांवर, शेजारी शेजारी. दुसरी तार दुसऱ्या वाटेने का नाही नेली, तर त्या वाटेने ये-जा कमी, दुरुस्तीला माणूस पाठवणं जड जातं. कारण खोटं नव्हतं. पण मग ती दुसरी तार कशासाठी होती? एका तारेला उंदीर लागला तर दुसरी होती, एवढाच तिचा उपयोग. छत पडलं असतं तर एकाच दगडाखाली दोन्ही गेल्या असत्या.

इथे मला तीन साधे प्रश्न विचारायचे आहेत. कुठल्याही पर्यायी व्यवस्थेला हे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, दोन्हींचा रस्ता एक आहे का? दुसरा, दोन्हींची वीज एक आहे का? तिसरा, दोन्हींच्या वरच्या टोकाला बसलेला माणूस एकच आहे का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ती पर्यायी व्यवस्था नव्हे. ते दुहेरी बिल आहे.

तिसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, म्हणून त्याचीच गोष्ट आधी सांगतो. २ जानेवारी २००६ ला सकाळी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सेगो नावाच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. तेरा जण आत अडकले. त्यांतला एक स्फोटातच गेला. बाकीच्यांनी पडदे बांधून विषारी हवा थोपवायचा प्रयत्न केला आणि वाट पाहिली. फोनची तार स्फोटात गेलेली होती. त्यांना शिकवलेलं होतं, की अडकलात तर छतातल्या बोल्टवर हातोडा मारा, वर ऐकू जाईल. त्यांनी आळीपाळीने हातोडा मारला. वरून उत्तर आलं नाही, कारण जमिनीतले ते ठोके ऐकणारं यंत्र त्या दिवशी वर लावलेलंच नव्हतं. सुमारे एकेचाळीस तासांनी बचाव पथक पोचलं तेव्हा एकच जण जिवंत होता. म्हणजे बघा, पर्यायी व्यवस्था होती. ती खालच्या टोकाला शिकवलेली होती. वरच्या टोकाला कुणी नव्हतं.

आणि त्याच रात्री आणखी एक भयंकर प्रकार घडला. बचाव पथकाचा निरोप तोंडावर मास्क असलेल्या माणसांकडून पुढे, तिथून आणखी पुढे, असा वर येता येता उलटा झाला. चर्चमध्ये थांबलेल्या नातेवाइकांना कळलं, की बारा जण जिवंत आहेत. घंटा वाजल्या, लोक नाचले. जवळजवळ तीन तासांनी सांगण्यात आलं, की बारा जण गेले, एक वाचला. संपर्काची साखळी कच्ची असली की तिची किंमत खाली अडकलेलाच देतो असं नाही, दाराशी बसलेली त्याची बायकोही देते.

अमेरिका काही आपल्यापेक्षा देवमाणसांचा देश नाही. तिथल्या खाणमालकांनीही खर्चाचं रडगाणं गायलंच. पण त्या अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत, १५ जून २००६ ला, तिथे 'माइनर अ‍ॅक्ट' नावाचा कायदा झाला. त्यात सरळ लिहिलं, की खालच्या माणसांना पृष्ठभागाशी बोलायला दुसरी स्वतंत्र सोय हवी, आणि तीन वर्षांच्या आत बिनतारी दुतर्फा संपर्काची योजना हवी. मला त्यातली मुदत आवडली. मुदत नसलेली सुधारणा म्हणजे आपल्या तालुक्यातल्या रस्त्याची निविदा.

आपल्याकडचा इतिहास काय सांगतो? २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळा खाणीत शेजारच्या जुन्या कामातलं पाणी फुटून आत शिरलं आणि ३७५ माणसं गेली. 'काला पत्थर' सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला आहे, त्यामागे हीच घटना. आपल्या शेजारी छिंदवाड्यात न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला असंच पाणी शिरून ६३ जण गेले होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा वेळी टेलिफोन फार उपयोगाचा नसतो. पाणी बोलायला वेळ देत नाही. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, दोन घटनाही तशाच. २७ जानेवारीला भंडारा जिल्ह्यात चिखला इथल्या मँगनीजच्या खाणीत (आपलं चिखली नव्हे, तुमसर तालुक्यातलं चिखला) छताचा भाग कोसळून दोन कामगार गेले. ६ मार्चला बैतूल जिल्ह्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत स्लॅब कोसळून तिघे गेले. डोक्यावर दगड पडणाऱ्याला दुसरी तार वाचवत नाही. हे मी लपवत नाही, कारण माझ्या म्हणण्याला खोट्या आधाराची गरज नाही.

दुसरी तार कुणाला वाचवते? जो अपघातातून वाचला आहे आणि अडकला आहे त्याला. आणि असे लोक असतात. १३ नोव्हेंबर १९८९ ला राणीगंजच्या महावीर कोलियारीत पाणी शिरलं तेव्हा ७१ जण आत अडकले. सहा गेले, ६५ उरले. वरून भोक पाडून एकेक माणूस बसेल एवढी पोलादी कॅप्सूल खाली सोडली आणि जसवंतसिंग गिल नावाचे अभियंते स्वतः तिच्यातून खाली उतरले. १६ तारखेला सगळे ६५ बाहेर आले होते. माणसं कुठे आहेत, किती आहेत आणि जिवंत आहेत हे माहीत असणं, यावर असली सगळी धडपड उभी असते. ते माहीत नसेल तर भोक कुठे पाडायचं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दोन वेगवेगळ्या देशांतलं आहे. गंमत म्हणजे दोन्हीकडे आकडा सतराच.

५ ऑगस्ट २०१० ला चिलीतल्या सान होसे खाणीत ३३ जण सुमारे सातशे मीटर खाली अडकले. ते जिवंत आहेत की नाहीत हे वरच्यांना सतरा दिवस माहीत नव्हतं. सतरा दिवस! वरून भोकं पाडत राहिले, चुकत राहिले. शेवटी २२ ऑगस्टला ड्रिलचं टोक त्यांच्यापाशी पोचलं, खालच्यांनी त्याला चिठ्ठी बांधली, आणि ते टोक वर आल्यावर जगाला कळलं, की तेहेतीसच्या तेहेतीस ठीक आहेत. तोवर खाली दोन घास ट्यूना मासा वाटून खाण्यात दिवस चालले होते. पुढे ते १३ ऑक्टोबरला बाहेर आले.

दुसरं उदाहरण आपलं. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट. उत्तरकाशीतल्या सिलक्यारा बोगद्यात दरड कोसळून ४१ मजूर अडकले. बाहेर पडायला त्यांनाही सतरावा दिवस उजाडला, २८ नोव्हेंबर. पण फरक बघा. या ४१ जणांशी पहिल्या चोवीस तासांतच बोलणं झालं. कशामुळे? ढिगाऱ्यातून आरपार एक चार इंची पाइप शाबूत राहिला होता. तो संपर्कासाठी टाकलेलाच नव्हता, बोगद्याच्या कामाचा होता. त्या पाइपातून हवा गेली, चणे-चुरमुरे गेले, औषध गेलं आणि आवाज गेला. पुढे सहा इंची पाइप ढकलला, त्यातून कॅमेरा गेला, टेलिफोनची सोय झाली, आईशी बोलणं झालं. म्हणून बाहेरची यंत्रं एकामागून एक मोडत असताना आतली माणसं मोडली नाहीत.

आपण काय केलं? रॅट-होल खाणकामगारांचा सत्कार केला. तो करायलाच हवा होता, शेवटचे मीटर त्यांनी हाताने खणले. पण त्या पाइपाचं श्रेय कुणाला द्यायचं? तो तिथे होता हे नशीब होतं. तो जिथे दबला नाही तिथे दबला असता तर सिलक्यारा म्हणजे दुसरं सान होसे झालं असतं. आणि बोगद्यात असा पाइप मुद्दाम, नियमाने, प्रत्येक कमकुवत जागेतून टाकून ठेवायला कितीसा खर्च येतो? चार इंची पाइप आपल्या खामगावच्या कुठल्याही दुकानात मिळतो!

आता 'साहेब, हे शक्य नाही' वाल्यांकडे वळू. त्यांचे तीन आक्षेप असतात.

पहिला आक्षेप, खडकातून रेडिओ जात नाही. अर्धं खरं. मोबाइलच्या लहरी जात नाहीत. पण शेजारच्या गल्लीत लग्नाचा डीजे लागला की तुमच्या घरात काय ऐकू येतं? गाण्याचे शब्द येत नाहीत, नुसता ढोलाचा दणका भिंतीतून येतो. खालच्या सुराची लाट भिंत ओलांडते, वरच्या सुराची अडते. रेडिओचंही ढोबळमानाने तेच आहे. फार कमी कंपनांच्या लहरी शेकडो मीटर खडक पार करतात. त्यावर गप्पा होत नाहीत, पण 'आग लागली, दुसऱ्या वाटेने बाहेर पडा' एवढा निरोप जातो. ऑस्ट्रेलियात असं यंत्र निघालं, कामगाराच्या कॅपलॅम्पच्या बॅटरीला जोडलेलं. निरोप आला की दिवा लुकलुकतो आणि छोट्या पडद्यावर अक्षरं येतात. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या विलो क्रीक खाणीत आग लागली तेव्हा याच यंत्राने निरोप गेला आणि खालचे सगळे सुखरूप बाहेर पडले. याशिवाय मध्यम कंपनांच्या लहरी खाणीतले रूळ, पाइप, जुन्या केबल यांना धरून लांब जातात. म्हणजे लोखंड जिथवर आहे तिथवर वाट आहे. आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे आवाजावर चालणारा फोन. त्याला बॅटरी लागत नाही, बोलणाऱ्याच्या आवाजानेच वीज तयार होते. दुसऱ्या महायुद्धातल्या बोटींवर तो होता. आपल्याला अजून 'शक्यता तपासायची' आहे.

दुसरा आक्षेप, मिथेन असलेल्या खाणीत विजेची उपकरणं वाढवणं धोक्याचं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला तर एका ठिणगीचं काम असतं. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिथ खाणीत ४३९ खाणकामगार गेले, तेव्हा संशयितांत एक होती इशारा द्यायची विजेची घंटाच. म्हणजे जीव वाचवायला लावलेली घंटा जीव घेऊ शकते. पण शास्त्रज्ञ तिथे थांबले नाहीत. त्याच प्रश्नातून अशा सर्किटचं शास्त्र निघालं, की ज्यात तार तुटली, शॉर्ट झाली तरी वायू पेटवण्याइतकी ऊर्जाच नसते. अशी उपकरणं मंजूर करण्याचं काम आपल्याकडे धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय करतं. बिनतारी जाळ्यावर धनबादच्याच केंद्रीय खाण संशोधन संस्थेने कामही केलं आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सुटलेलं गणित आज आक्षेप म्हणून पुढे करायचं, हे काही खरं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात लबाड आहे. जमिनीखालच्या खाणी आता संपत चालल्या, सगळं ओपनकास्ट झालं, मग मरणाऱ्या खाणींवर खर्च कशाला? आधी हिशेबाने उत्तर देतो. आज देशातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून येतो हे खरं, पण २०३० पर्यंत जमिनीखालून वर्षाला १० कोटी टन काढण्याचं लक्ष्य खुद्द कोळसा मंत्रालयाचंच आहे. मँगनीजच्या खाणी तर खोल खोल चालल्या आहेत. म्हणजे खाली उतरणारी माणसं कमी होणार नाहीत. आणि आता हिशेबाबाहेरचं उत्तर. खाण उद्या बंद होणार असेल तरी आज तिच्यात पाळी आहे की नाही? मग आजच्या पाळीला दुसरी तार हवी.

२०१७ मध्ये कोळसा खाणींचे नवे नियम आले. प्रत्येक खाणीने धोके ओळखून सुरक्षा आराखडा बनवावा असं त्यांत आहे. चांगली गोष्ट. पण आराखडा बनवणारा, तपासणारा आणि सही करणारा, तिघेही कार्यालयात बसतात. माझी मागणी अगदी साधी आहे. वर्षातून दोनदा, न सांगता, चालू पाळीत पहिली तार वरून बंद करा. घड्याळ लावा. फेसवरच्या शेवटच्या माणसापर्यंत निरोप पोचून त्याचं उत्तर वर यायला किती मिनिटं लागली ते मोजा. तो आकडा खाणीच्या दारावर, हजेरीच्या खिडकीशेजारी, मराठीत आणि हिंदीत लावा. पुढच्या वेळी त्याखाली नवा आकडा लिहा. तपासणी कामगारांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी, आणि वरच्या टोकाला कोण ऐकणार त्याचं नाव पाळीनिहाय लिहिलेलं असावं. या एका सरावाने जे कळेल ते शंभर रजिस्टरांतून कळणार नाही. रजिस्टर सांगतं की फोन आहे. घड्याळ सांगेल की माणूस ऐकू येतो का.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. दुसऱ्याच्या खाणीवर बोट दाखवून थांबणं बरं नव्हे.

आपल्याकडे खाण नाही, पण विहिरी आहेत. काळ्या खडकात पन्नास-साठ फूट खाली उतरून माणसं सुरुंग लावतात, यारीने दगड वर काढतात. उन्हाळ्यात चिखली, मेहकर, लोणार, कुठल्याही बाजूला जा, बांधावर यारी दिसेल. ती विहीर म्हणजे एक उभी खाणच असते. तिथे संपर्क कसला? वरचा माणूस ओरडतो, खालचा ओरडतो. यारीचं इंजिन चालू असलं की दोघांनाही काही ऐकू येत नाही. खालच्या माणसाला वर येण्यासाठी दोर एकच, तोच दगडाच्या बादलीचा. यारी बंद पडली की माणूस खाली. पहिली व्यवस्था तीच, पर्यायी व्यवस्थाही तीच.

जुन्या विहिरीची तर आणखी वेगळी तऱ्हा. गाळ काढायला उतरलेला माणूस हवेअभावी कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला तिसरा. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आत डिझेलचं इंजिन चालवलं असेल तर त्याचा धूर तळाशी साचलेला असतो. आधी कंदील सोडून बघायची आपल्या म्हाताऱ्या माणसांची रीत होती. कंदील विझला तर तो खालून आलेला निरोपच असायचा. (धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र कंदील विझवत नाही, म्हणून नुसत्या कंदिलावर विसंबू नये.) ती रीत गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. मोबाइल आला, जो तीस फुटांखाली खिशात नुसता दगड असतो.

इथे तर अब्जावधींचं यंत्र नको. कमरेला बांधलेला वेगळा दोर हवा, जो यारीचा नाही. त्या दोराच्या वरच्या टोकाला एक माणूस हवा, ज्याला दुसरं काम नाही. आणि झटक्यांची ठरलेली भाषा हवी. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे थांबव, तीन म्हणजे ओढ. उत्तर आलं नाही तर वरच्याने ओढायचं, पण आपण खाली उतरायचं नाही. सरकारी पैशातून होणाऱ्या विहिरींच्या अंदाजपत्रकात खोदकाम आहे, बांधकाम आहे, माहितीचा फलकसुद्धा आहे. मग हा दोर आणि ती दोन हातांची मजुरी वेगळी ओळ म्हणून का नसावी? ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या घरची विहीर असेल तर ग्रामसभाही लागत नाही. नातेवाईक मंडळींनो, हे तुम्हाला उद्देशून आहे. येत्या उन्हाळ्यात ज्यांची विहीर निघणार आहे त्यांनी दोराचं आधी बघा, पूजेचा नारळ मग फोडा.

खाण काय, बोगदा काय, विहीर काय, गोष्ट एकच आहे. खाली माणूस पाठवणाऱ्याने त्याचा आवाज वर येण्याच्या दोन वाटा ठेवल्या पाहिजेत, आणि एकाच दगडाने दोन्ही बंद होता कामा नयेत. याला दया लागत नाही, दानत लागत नाही. ज्या माणसाच्या घामावर आपण कोळसा आणि पाणी वर आणतो त्याच्याशी केलेल्या व्यवहाराचा तो भाग आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी साहेब सांगेल, की आमच्याकडे पर्यायी व्यवस्था आहे, तेव्हा कौतुक करू नका. एवढंच म्हणा, पहिली तार बंद करा, आम्ही इथेच थांबतो.